पत्रकातली विधवा

रिसोड, ता. वाशीम
६ ऑक्टोबर १९५८

रुख्मिणी,

रुपाला आज सकाळी लखीराम घेऊन गेला.

एवढं एक वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आशीर्वाद, खुशाली, काही सुचत नाही. तू शाळा सोडून गेलीस त्याला चौदा महिने झाले. तेवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसले तर हे. तुझा मुंबईचा पत्ता मी रिठदला माणूस पाठवून तुझ्या भावाकडून मागवला. जगदेवनं निरोप दिला, "पत्ता देतो, पन ते उत्तर देईन का नाई ते मी सांगत नाई." उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वाच मात्र.

लखीराम आला तेव्हा मुलं प्रार्थनेला उभी होती. आंधळी मुलं एका ओळीत, आणि टोकाला आपली रुपा, जिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. तू लावलेल्या सवयीप्रमाणे शेजारच्या मुलीच्या गळ्यावर दोन बोटं टेकवून ती गाण्याची थरथर घेत होती. लखीरामनं कुणाला काही विचारलं नाही. सरळ ओळीत शिरला आणि आपल्या अकरा वर्षांच्या पोरीला उचलून खांद्यावर घातलं. ती किंचाळली. कुठं चाललो, का चाललो, हे तिच्या हातावर लिहून सांगणारं शाळेत कुणी नाही. तू बोटांच्या पेरांवर बसवलेली ती अक्षरं तुझ्याबरोबरच गेली.

मी फाटकापर्यंत धावले. म्हटलं, "लखीराम, अरे, सहा वर्षांचं शिक्षण वाया जाईल तिचं."

तो थांबला. वळून म्हणाला, "बाई, मेलेल्या मानसाले आडवू नका."

आणि गेला. मी तिथंच उभी राहिले. चतुराबाई स्वयंपाकघरातून पळत आली, माझ्या दंडाला धरून मला आत नेलं.

काल त्यांच्या तांड्यावर जे घडलं ते लिहायला हवं, पण आज हात चालत नाही. परदेशात आपल्या निधीसाठी जे पत्रक वाटलं होतं, त्यात एक शब्द चुकीचा पडला, एवढंच आज सांगते. छापखान्याकडून झालं असावं. तिकडच्या लोकांना इकडचं काय कळणार.

अंबुजाबाई


रिसोड
९ ऑक्टोबर १९५८

रुख्मिणी,

तीन दिवस झाले. जेवायला बसते आणि ताटावरून उठते. आज सांगते.

मिसेस वॉरबर्टन नावाच्या बाई इंग्लंडहून आल्या आहेत. निधीच्या तिकडच्या समितीच्या चिटणीस. मागच्या वर्षी मी पाच देशांत फिरले तेव्हा लंडनला त्यांच्याच घरी उतरले होते. सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, फार मायाळू. आपल्या शाळेसाठी आणि आपल्यासारख्या आणखी चार शाळांसाठी त्या तिकडे चर्चच्या बायकांपुढे, कारखान्यांच्या मालकांपुढे हात पसरत असतात. येताना त्यांनी स्वतः विणलेली एक काळी लोकरीची शाल आणली होती. कुणासाठी, ते मला रविवारी गाडीत बसल्यावर कळलं. तेव्हा मागे फिरायला हवं होतं. डोकं दुखतंय म्हणायचं, बैल बिथरलेत म्हणायचं, काहीही म्हणायचं. मी म्हटलं नाही.

तांड्यावर सगळे जमले होते. गोरी बाई येणार म्हणून बायकांनी ठेवणीतले घागरे घातले होते, आरशांच्या कशिद्यानं डोळे दिपत होते. हेमसिंग नाईकांनी पागोटं बांधलं होतं. लखीराम खाट आणायला धावला. रुपाची आई म्हणून सुंदरबाई पुढं आली. मिसेस वॉरबर्टननी तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे भरून आले, आणि त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पदर सारखा करत राहिले. 

तेव्हा आपले नानाजी कारकून पुढं झाले. त्यांना त्यांच्या मॅट्रिकच्या इंग्रजीचा किती अभिमान, तुला ठाऊक आहे. मोठ्यानं, एकेक शब्द तोलून त्यांनी सांगितलं, "मडम म्हणतात, तुझा नवरा वारला याचं त्यांना फार दुःख आहे. ही शाल विधवेसाठी त्यांनी आपल्या हातानं विणली."

लखीराम खाट दोन्ही हातांत धरून उभा होता.

 मग तोच म्हणाला, "कोन मेलं? मी? मले तं कोनी सांगतलंच नाई!"

आणि तांडा हसला. सोजरबाई म्हातारी तर पदर तोंडात घालून खाली बसली. "लख्या, तेरावं जेवू घाल आता आमाले!" कुणी म्हणालं, "काल बाजारात जिलबी खाऊन राह्यला होता, ते भूत होतं काय रे?" लखीरामही हसत होता. मीसुद्धा हसले, रुख्मिणी. वाटलं, सुटले. हसण्यात निघून जाईल.

मिसेस वॉरबर्टन गोंधळल्या. सगळे का हसतात ते त्यांना कळेना. आपण मनचं काही बोललो नाही हे दाखवायला त्यांनी पिशवीतून पत्रक काढलं. पहिल्याच पानावर तो फोटो. नाईकांनी पाहिला, बायकांच्या हातात दिला, आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला तसं हसू थांबत गेलं. जिच्या हातात जायचा ती गप्प व्हायची.

इंग्रजी तिथं कुणाला येत होतं? पण फोटो वाचायला काय लागतं. पांढरं लुगडं नेसलेली सुंदरबाई, दंड उघडे, आणि जिथं वर्षानुवर्षं बलिया होत्या तिथं दोन्ही दंडांवर फिकट पट्टे. नवरा जिवंत असताना तांड्यातली बाई दंडातल्या त्या पांढऱ्या बांगड्या उतरवत नाही. नवऱ्यामागंच उतरवतात. तुला हे सांगायला नको.

शेवटी पत्रक लखीरामच्या हातात आलं. त्यानं खाट हळूच खाली ठेवली. फोटोकडे पाहिलं, मग बायकोच्या दंडांकडे पाहिलं, तिथं बलिया होत्या, आणि पुन्हा फोटोकडे.

"कवा काढल्या?" त्यानं विचारलं.

 सुंदरबाई माझ्याकडे बघत होती. मी तेव्हाही काही बोलले नाही.

त्या संध्याकाळपासून तो त्याच्या भावाच्या झोपडीत राहतो. दुसऱ्या सकाळी येऊन रुपाला घेऊन गेला, ते तुला लिहिलंच आहे. मिसेस वॉरबर्टन डाक बंगल्यात आजारी पडून आहेत. मी कशी चुकले, मी कुणाला दुखवलं, असं मला सारखं विचारतात. त्यांना काय सांगू?

अंबुजाबाई


रिसोड
१९ ऑक्टोबर १९५८

रुख्मिणी,

तुझं उत्तर नाही. बरं झालं. आलं असतं तर ही तिसरी चिठ्ठी पुन्हा खोटी लिहिली असती.

परवा एकटी तांड्यावर गेले. बैलगाडीही नेली नाही. ज्वारी डोक्याच्या वर गेली आहे, मधल्या वाटेनं दोनदा चुकले. सुंदरबाई रुपाला घेऊन आतच बसली, झोपडीतून बाहेर आली नाही. नाईकांनी बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. भला माणूस. म्हणाले, "बाई, लखीराम बायकोच्या झोपडीत जायले तयार नाई. म्हनते, यका डाव तिनं मले मारलं, आता कायले जाऊ. पंचांनी इचारलं, तं ते सुंदरबाई तोंड उघडत नाई. तुमी सांगा, काय झालं होतं?"

मी म्हटलं, "नाईक, चूक झाली."

झोपडीतून आवाज आला, "झाली नाई. केली."

एवढंच.  मी उठून आले.

तेव्हा आता लिहिते. तुला यातलं निम्मं माहीत आहे, निम्मं नाही.

फोटोच्या आधी मँचेस्टरच्या एका बाईंचं पत्र आलं होतं. आधीच्या फोटोतल्या आईच्या अंगावर बरीच चांदी दिसते, मग आमच्या मदतीची गरज काय, असं त्यांनी विचारलं होतं. मला ते लागलं. अकोल्याचा फोटोग्राफर यायच्या दिवशी मी सुंदरबाईला म्हटलं, हे सगळं काढ, माझं पांढरं लुगडं नेस. तिनं गळ्यातलं, कानातलं, पायातलं सगळं काढलं. बलियांपाशी थांबली. म्हणाली, "ह्या नाई निघत बाई, मालक हाये माहा." तू दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "बाई, बलिया नका काढू तिच्या. पोरीले माय तिथंच सापडते."

मी तुला गप्प बसवलं. तू मुलांना घेऊन मागच्या अंगणात गेलीस. पुढचं तू ऐकलं नाहीस.

मी सुंदरबाईला म्हटलं, फोटो नीट आला नाही तर बाहेरून मदत यायची नाही, आणि मग रुपाला शाळेत जागा राहणार नाही.

ते खरं नव्हतं. रुपाला मी कधीच काढलं नसतं. पण म्हटलं, आणि इतक्या सहज म्हटलं की नंतर आपण असं बोललो हेही विसरले. सुंदरबाई विहिरीवर गेली. चतुराबाईनं साबण लावून एकेक बलिया ओढून काढली. दोन ठिकाणी कातडं सोललं. परत आली तेव्हा तिनं दंडांवर पदर घेतला होता. मी तो खाली करायला लावला.

दर बाजाराच्या दिवशी रुपा आईला कशी ओळखायची, तू आणि मी शंभरदा पाहिलंय. कोपरापासून हात वर सरकवायची, एकेक बलिया मोजायची, मधल्या एकीची कड तुटकी होती तिथं बोट आलं की मोठ्यानं हसायची. त्या दिवशी तिचा हात वर गेला आणि तिथं काहीच नाही. माझ्या चंदनी साबणाचा वास, माझं लुगडं, सोललेलं कातडं. तिनं त्या परक्या बाईला दोन्ही हातांनी ढकललं. तोंड उघडं, मान मागे. सुंदरबाई तिला पुन्हा जवळ घेते आणि ती पुन्हा ढकलते.

फोटोग्राफर म्हणाला, थोडं थांबू, मुलगी शांत होऊ दे. मी म्हटलं, "नाही. हाच घ्या."

'विधवा' हा शब्द छापखान्यानं टाकला नाही. मी लिहिला. माझ्या हातानं, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. ते पांढरं लुगडं आणि उघडे दंड बघून तो आपोआप कागदावर उतरला. खाली ओळ लिहिली, ही मुलगी आपल्या आईलाही ओळखत नाही. तीच ओळ मी पाच देशांतल्या सभागृहांत म्हटली. बायका रडायच्या. मीही रडायचे, आणि ते रडणं खोटं नसायचं, हे सगळ्यात वाईट.

नागपूरला आमच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर अगाथा दर शुक्रवारी एक पेटी फिरवायच्या. पेटीवर कुठल्याशा लांबच्या देशातल्या उपाशी मुलीचं चित्र होतं. मी आठ-नऊ वर्षांची, खाऊचे पैसे त्यात टाकायचे आणि त्या मुलीसाठी उशीत तोंड खुपसून रडायचे. किती गोड वाटायचं ते रडणं! जुईचा मांडव, सिस्टरच्या झग्याचा कांजीचा वास, आणि ती मुलगी, जिला कुणी नाही. तिला आई असेल, असं माझ्या मनात आलं नाही. आई असती तर मी रडलेच नसते, रुख्मिणी. मी तेवढंच शिकले आणि तेच पन्नाशीनंतर जगाला शिकवायला निघाले.

पत्रकांचा गठ्ठा उघडून तू पहिला कागद वाचलास, पेटी भरलीस आणि सकाळच्या मोटारीनं गेलीस. "पोरगी कृतघ्न निघाली," असं मी सगळ्यांना सांगितलं. नानाजींना, चतुराबाईला, तुझ्या भावालाही.

अंबुजा


रिसोड
४ नोव्हेंबर १९५८

रुख्मिणी,

मिसेस वॉरबर्टनना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शाल उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, हे मी तिकडे जाऊन सांगावं की तू लिहितेस? मी पाचही देशांच्या समित्यांना लिहिलं. त्या स्त्रीचा पती जिवंत आहे. ती मुलगी आपल्या आईला ओळखते. ओळखीची खूण मी काढून घ्यायला लावली होती. इंग्रजीत ही तीन वाक्यं लिहायला मला दोन दिवस लागले.

उत्तरादाखल लंडनच्या समितीची तार आली आहे. निधीचं काम मी आजपासून बघायचं नाही, पत्रक मागे घेतलं, शाळांच्या मदतीचं काय करायचं ते पुढे कळवतील. चूक त्यांची नाही. बाकीच्या चार शाळांनाही माझ्यामुळे झळ लागेल.

काल तांड्यावर गेले. नाईकांना म्हटलं, सगळ्यांना बोलवा, लखीरामला आधी. सगळे आले. मी उभी राहिले.  त्यांच्याच बोलीत जेवढं येतं तेवढं बोलले. म्हटलं, "सुंदरबाईनं बलिया आपल्या मनानं नाई काढल्या. मी तिले भेव दाखवलं. पोरीले शाळेतून काढीन म्हटलं. लखीराम मेला, हेबी मीच लिवलं."

 सोजरबाई म्हातारीनं विचारलं, "काहून बाई? तुमाले काय केलं होतं त्यानं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मला मदत हवी होती."

"आन् तो जिता राह्यला असता तं मदत देत नव्हते का ते लोक?"

 कदाचित दिली असती. मी कधी विचारूनच पाहिलं नाही.

लखीराम खाली बसला होता, मातीत काडीनं रेघा ओढत. म्हणाला, "हे त्याच दिशी काहून नाई बोलल्या? मी बायकोच्या तोंडाकडं महिनाभर पाह्यलं नाई." मग उठला, सुंदरबाईच्या झोपडीपाशी गेला आणि दाराबाहेरूनच म्हणाला, "पोरीनं जेवलं का?" आतून उत्तर आलं, "कवाचंच." तो दारातच बसला. नाईक मला हळूच म्हणाले, "झालं, बाई. आता तुमी काई बोलू नका."

रुपा मात्र शाळेत परत येणार नाही. सुंदरबाईनं मला तोंडावर सांगितलं, "पोरगी देत नाई मी आता." दिवाळीनंतर, चौदा तारखेला, तांडा जंगलाच्या ठेक्यावर निघतो, लाकडं तोडायला, उन्हाळ्यापर्यंत. रुपाही त्यांच्याबरोबर. पण सुंदरबाई हेही म्हणाली: "रुख्मिनी आली तं आमच्यासंग राहू दे तिले. तिच्यासाठी येगळी झोपडी घालून देतो. रुख्मिनी असन तं पोरगी बोलत राहीन. मले थोडंच येते."

मी चमकले. "तुला येतं?"

तिनं सांगितलं, बाजाराच्या दिवशी मी कचेरीत पत्रं लिहीत असायचे तेव्हा तू तिला मागच्या ओसरीवर बसवून पेरांवरची अक्षरं शिकवायचीस. पाणी, भाकर, माय, ऊन, ये, जा, कोण. वीस-पंचवीस शब्द तिला येतात. ज्या बाईनं पाटी कधी हातात धरली नाही तिला. तू मला कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही.

मग तिनं रुपाला माझ्यापुढं आणून बसवलं. रुपा वाळली आहे, पण केस तेल लावून नीट विंचरलेले होते. तिनं माझा हात हातात घेतला, मनगट चाचपलं, नखं, अंगठी, तळव्याच्या रेघा. नाकाशी नेऊन वास घेतला.  सहा वर्षं ती माझ्या शाळेत होती. मग तिनं माझ्या पेरांवर बोट टेकवलं. एक इथं, एक तिथं. पुन्हा तेच. वाट पाहिली. पुन्हा तेच, जरा जोरानं.

आम्ही या मुलीला भाषा दिली, असं मी बोस्टनला म्हटलं होतं. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. आणि ती माझ्या हातावर लिहीत होती आणि मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. मी सुंदरबाईकडे पाहिलं.

"इचारून राह्यली," सुंदरबाई म्हणाली, "ही कोन म्हून."

चतुराबाईला ती पिठाच्या वासानं ओळखते, नानाजींना तपकिरीनं, तुला तर पावलानं जमीन हलली की ओळखायची. माझा हात तिच्या हातात कधी दोन मिनिटं राहिलाच नव्हता, फोटो काढतानासुद्धा नाही.

सुंदरबाईनं विचारलं, "काय सांगू?"

  मग तिनंच रुपाचा हात घेतला आणि सावकाश, चुकत, एक अक्षर पुसून पुन्हा दाबत, काहीतरी सांगितलं. रुपाचा चेहरा उजळला. उठली, हात पसरून भिंतीच्या कडेनं गेली, माठ शोधला, गडू भरला आणि एक थेंबही न सांडता माझ्यापुढं धरला.

"काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"पाहुनी हाये म्हटलं."

मी पाणी प्याले.

मंगरूळपीरकडून शेलूबाजारावरून मोटार येते ती दुपारी इथं पोचते. तेराच्या आत पोचलीस तर तांडा गाठशील. माझ्यासाठी येऊ नकोस. मी फाटकाशीसुद्धा उभी राहणार नाही.

अंबुजा